कुंडलला मी केलेलं भाषांतर

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो आणि नियमित हसतो, हे आधीच कबूल करून टाकतो. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, कुणाला बांधावर चकवा लागतो... त्या बाईला कधी चौकड्याची साडी का मिळत नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. घरात अंगारा, कौल, नवस असलं काही निघालं की मी चपला घालून बाहेर पडतो. बायको म्हणते, तुम्ही तुमच्या नास्तिकपणाचाच देव्हारा करून ठेवलाय.

तर अशा माणसाच्या बाबतीत घडलेली ही गोष्ट आहे. हिच्यात भूत नाही, स्मशान नाही. भर दुपारी, चांगल्या उजेडात घडली आणि तीत बोलणारा दुसरा कुणी नव्हता – मीच होतो.

साल एकोणऐंशी. उसाचा हंगाम चालू होता. मी बावीस वर्षांचा, ताजा बी.ए., साताऱ्यात वडिलांच्या घरी बसून नोकरीचे अर्ज खरडत होतो. एका सोमवारी सकाळी कॉलेजातल्या सरांचा निरोप आला – एसटी स्टँडजवळच्या लॉजवर एक अमेरिकन पोरगा अडकलाय, आठवडाभरासाठी दुभाष्या पाहिजे, लगेच जा.

दार उघडलं ते एका उंच, उन्हानं नाक सोललेल्या पोरानं. पांढरा शर्ट, काळा टाय, छातीवर काळी पट्टी – एल्डर लार्सन. एल्डर म्हणजे वडीलधारा, आणि या वडीलधाऱ्याला मिसरूडसुद्धा धड फुटलं नव्हतं. वय वीस. मॉर्मन पंथाचा मिशनरी. त्यांच्यात पोरं एकोणीस-वीसची झाली की दोन वर्षं घर सोडून धर्माच्या कामाला जातात, आणि जातात ती जोडीनं. जोडीदाराला नजरेआड करायचं नाही असा नियम. याच्या जोडीदाराला कावीळ झाली होती, आदल्याच दिवशी त्याला मिरजेच्या दवाखान्यात हलवलं होतं. म्हणजे लार्सनला नुसता दुभाष्या नको होता, आठवड्यापुरता जोडीदार हवा होता.

हा नियम तो किती मनावर घेतो ते पहिल्याच दिवशी कळलं. मी कोपऱ्यावर पान खायला गेलो तर हा मागोमाग. मी न्हाव्याकडे बसलो तर हा बाकावर. चहा नाही, कॉफी नाही, रविवारी काही विकत घ्यायचं नाही, खोटं तर अजिबात बोलायचं नाही. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, चहाला नाही म्हणून आमच्याकडे तुझा निभाव लागायचा नाही." तो म्हणाला, "वीस वर्षं लागलाय."

धर्मप्रचार करणार नाही असं त्यांनी सरकारला लिहून दिलं होतं. काम वेगळंच होतं – वंशावळी गोळा करायच्या. मेलेल्या वाडवडिलांची नावं शोधून नोंदवली की सगळं घराणं मरणानंतरही एकत्र राहतं, अशी त्यांची श्रद्धा. मला हसू आलं, पण म्हटलं, मग तुला ग्रंथालय नको, हेळवी पाहिजे.

हेळवी म्हणजे आमच्या सांगली भागात घराण्यांच्या वंशावळी सांगणारे लोक. कर्नाटकाकडून बैल घेऊन, घंटा वाजवत येतात, ठरलेल्या घरांच्या अंगणात बसतात आणि सात-आठ पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतात. नवी जन्मलेली पोरं त्यात घालून घेतात, गेलेल्यांची नावं गेलेल्यांत टाकतात. हेळव्यानं एकदा म्हटलं की भावकीच्या दृष्टीनं तो शेवटचा शब्द. आणि येत्या शुक्रवारी हेळवी कुठे येणार हे मला ठाऊक होतं, कारण माझ्या बहिणीचं पत्र खिशातच होतं.

माझी थोरली बहीण शालन, आमची अक्का, कुंडलला दिलेली, दहा वर्षांत बोलीनंही तिथलीच झालेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फौजेत होते. एकोणसत्तरला लग्न झालं. एकाहत्तरच्या लढाईत दाजी पश्चिम सीमेवर होते, लढाई संपली आणि पत्र आलं – बेपत्ता. मेले असंही नाही, कैदेत असंही नाही. पुढे कैदी सुटून आले, त्यात दाजी नव्हते. मूलबाळ नाही. घरात अक्का आणि तिचे सासरे तात्या, तेही जुने सुभेदार. सात वर्षं अक्का कुंकू लावत होती आणि सात वर्षं तिनं पुढच्या दाराला आतून कडी घातली नव्हती. दार नुसतं लोटून घ्यायची. पावसाळी वाऱ्यात ते आपटत राहायचं. गावानं समजून घेतलं होतं – नवरा कधीही येईल म्हणून बाई दार उघडं ठेवते.

पत्रात अक्कानं लिहिलं होतं, 'सात वर्षे झाली. तात्यांनी ठरविले आहे की शुक्रवारी हेळव्याला सांगून ह्यांचे नाव गेलेल्यांत घालावयाचे. भावकीला बोलाविले आहे. तू ये आणि तात्यांची समजूत घाल.' म्हणजे शुक्रवारी चारचौघांत अक्काचं कुंकू जाणार होतं. लार्सनला मी कुंडलला नेलं ते त्याच्या वंशावळीसाठी थोडं आणि अक्कासाठी जास्त.

मंगळवारी आम्ही आधी मिरजेला जाऊन त्याच्या आजारी जोडीदाराला भेटलो, बुधवारी दुपारी कुंडलला पोचलो. चहा नको म्हटल्यावर तात्यांनी लार्सनला असं बघितलं की पाहुणा दारातूनच परत जातोय का काय असं वाटलं. शेवटी अक्कानं गुळाचं गरम दूध दिलं. तात्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले, गोऱ्या माणसाचं त्यांना अप्रूप नव्हतं. "ह्यो एल्डर म्हंजी थोरला, मंग धाकला कुटं हाय?" त्यांनी विचारलं. धाकटा मिरजेला कावीळ घेऊन पडलाय म्हटल्यावर हसले. मग लार्सननं आपला लहानसा टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवला आणि तात्यांनी आठवतील तेवढ्या पूर्वजांची नावं त्यात सांगितली.

संध्याकाळी मी विषय काढला.

"आरं, मास्तराचं प्वार तू, शिकलेला," तात्या म्हणाले. "तुला कळाया पायजे. माजं लेकरू गेलं हे मला तवाच उमगलं. पर हिच्या दाराचा आवाज ऐकत मी मरायचं का? जित्याला जितं म्हनावं, मेल्याला मेलं. मधी लोंबकळत ठेवलेलं मानूस ना हितलं, ना तितलं. आन् ती बी तशीच लोंबकळाय लागलीया, दिसत न्हाई व्हय तुला?"

खरं सांगायचं तर म्हातारा चुकत नव्हता. पण अक्काच्या चेहऱ्याकडे बघितलं की त्याचं बरोबर आहे असं म्हणवतही नव्हतं.

गुरुवारी सकाळी लार्सन गुडघे टेकून जोडीदारासाठी प्रार्थना करत होता. अक्का जोंधळे निवडत होती. तो काय करतोय म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, मित्रासाठी मागणं मागतोय, त्यांच्यात डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देण्याची रीत आहे. अक्काचा हात सुपातच थांबला.

"त्याला इचार, माज्या डोसक्यावर हात ठेवंल का," ती म्हणाली. "ह्ये हायती का न्हाईत, येवढंच त्याच्या देवाला इचारायचं. बरं-वाईट काय बी असंना. उद्या तात्यांनी सांगायच्या आदी मला कळाया पायजे."

मी लार्सनला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "असं काही मी सांगू शकत नाही. तो अधिकारच नाही मला. तिला धीर मिळावा एवढं मागू शकतो. आणि याला खरं तर दोघं लागतात... अगदी नाइलाज असेल तर एकट्यानं चालतं." तो बराच वेळ टायचं टोक बोटाला गुंडाळत बसला. वीस वर्षांचं पोर, घरापासून हजारो मैलांवर, जोडीदाराशिवाय. मीच त्याच्या मागे लागलो आणि तो तयार झाला.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. मी मागे लागलो ते सरळ मनानं नाही. मी ठरवून ठेवलं होतं की गोरा काहीही म्हणो, शेवटी आपण पदरची दोन वाक्यं घालायची – "दाजी जिवंत आहेत, धीर धर, ते येतील." अक्काला तेवढा आधार मिळाला की ती शुक्रवारी तात्यांपुढे उभी राहील. दुभाष्याच्या हातात ही एक सत्ता असते आणि मी ती वापरणार होतो. मला ना त्याच्या देवाशी देणं-घेणं, ना आमच्या.

दुपारचे दोन-अडीच. सोप्यात आम्ही तिघंच. तात्या बाहेर ओट्यावर बैलाची वेसण वळत बसलेले. अक्का आरशाच्या भिंतीकडे तोंड करून पाटावर बसली, लार्सन तिच्या मागं उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. डोळे मिटले. मी बाजूला उभा. तो एक वाक्य म्हणायचा, थांबायचा, मी मराठीत सांगायचो. सुरुवातीचं सगळं अपेक्षेप्रमाणे – या बहिणीच्या मनाला शांती मिळो, तिच्या घरावर कृपा असो, वगैरे. मी माझ्या दोन वाक्यांची तयारी करत होतो.

आणि लार्सनचं बोलणं बदललं. आवाज तोच, सपाट, नाकातला. तो म्हणाला – मी आजही शपथेवर सांगेन की मी ते इंग्रजीत, त्याच्या आवाजात ऐकलं – तो म्हणाला की तुझा नवरा जिवंत नाही. एका कालव्याच्या काठी ते सातजण एकत्र आहेत. तू दाराआडून जे बोललीस ते त्यानं ऐकलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. आता वाट बघू नकोस. दाराला कडी लाव.

या पोराला वेड लागलं का? त्याला थांबवावं असं मनात येत होतं आणि तोंड मात्र भाषांतर करत होतं. माझी दोन वाक्यं कुठं गेली ते मलाच कळलं नाही. मग लार्सननं आमेन म्हटलं आणि हात उचलले.

अक्का रडली नाही. पाटावरून उठली, भिंतीला हात टेकवून क्षणभर उभी राहिली आणि आत निघून गेली. मी संतापलो होतो. एवढंच म्हणालो, "हे तू चांगलं केलं नाहीस."

"मला माहीत आहे," लार्सन खाली मान घालून म्हणाला. "जोडीदार नसताना मी हे करायला नको होतं."

मला वाटलं, कबूल करतोय. त्याला वाटलं, मी नियम मोडल्याबद्दल बोलतोय. पुढे दीड दिवस मी त्याच्याशी कामापुरतंही धड बोललो नाही. मी बोललो असतो तर कदाचित पुढचं टळलं असतं... हा विचार माझ्या मनातून कधीच गेला नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो होतो. अक्का उठली, पुढच्या दाराशी गेली आणि कडी लावली. सात वर्षं न वापरलेली कडी, गंजलेली, दोनदा ओढावी लागली. तात्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं.

शुक्रवारी सकाळी हेळवी आला. अंगणात घोंगडं टाकून बसला. भावकीतली दहा-बारा माणसं जमली. त्यानं मूळ पुरुषापासून नावं घ्यायला सुरुवात केली – अमक्याचा तमका, तमक्याचे तिघे. लार्सन मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन भान हरपून ऐकत होता. नावं खाली उतरत तात्यांच्या आज्यापर्यंत आली, बापापर्यंत आली, तात्यांपर्यंत आली. तात्यांनी घसा साफ केला. गेलं वर्षभर ज्या वाक्याची तयारी केली होती ते त्यांना आता म्हणायचं होतं, आणि म्हातारा नुसताच घसा साफ करत राहिला.

तेवढ्यात अक्का बाहेर आली. कपाळ मोकळं होतं. तिनं ते कुणाकडून पुसून घेतलं नव्हतं.

"त्यांचं नाव गेलेल्यांत घाला," ती हेळव्याला म्हणाली.

हेळवी चपापला. "कुनी सांगितलं री आक्का? कागुद आलाय काय?"

"ज्यांचं नाव हाय त्यांनीच सांगितलं."

हेळव्यानं तात्यांकडे बघितलं. तात्या उठले आणि गोठ्यात गेले. हेळव्यानं नाव घेतलं, गेलेल्यांत घेतलं, आणि पुढच्या घराकडे वळला. लार्सनला मी काहीच समजावून सांगितलं नाही. त्याला वाटलं, हे असंच असतं.

दुपारी चुलीपाशी मी अक्काला एकटीला गाठलं. विचारलं, "दाराआडचं काय ते?"

तिनं सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. एकाहत्तरला दाजी सुट्टीवर आले होते आणि सुट्टी संपायच्या आत तार आली. परत बोलावलं होतं. अक्का चिडली. दाजींनी निघताना दार वाजवलं, हिनं कडी काढली नाही. आतनंच म्हणाली, "जावा. आन् परत न्हाई आलासा तरी चालंल." दाजी थोडा वेळ दारात थांबले आणि उत्तर न देता निघून गेले.

"तवापासनं कडी लावली न्हाई मी," ती म्हणाली. "लोक म्हनायची, वाट बघती. वाट कसली... त्यांनी माजं बोलनं खरं केलं, ह्येच घेऊन बसले हुते सात वर्सं. ह्ये कुनाला म्हनजी कुनाला ठावं न्हाई. तात्या तवा रानात हुते. आन् काल त्या गोऱ्यानं..."

ती चुलीत फुंकर घालू लागली. लार्सनवरचा माझा राग गेला आणि त्याच्या जागी भीती आली. त्याला हे कळणार कसं?

शनिवारी आम्ही मिरजेला परतलो. जोडीदार खाटेवर उशीला टेकून बसला होता, हळदीसारखा पिवळा. लार्सननं त्याच्यासमोर टेप लावला, नावं उतरवून घ्यायला मला वही दिली. आधी बुधवारी तात्यांनी सांगितलेली नावं ऐकली. गुरुवारी आशीर्वादाच्या जरा आधी लार्सननं सोप्यात यंत्र तपासायला लावलं होतं आणि... टेपमधून एकदम गुरुवारची दुपार सुरू झाली. बटण चालूच राहिलं होतं.

लार्सनचं एक वाक्य, माझं एक वाक्य. लार्सनचं, माझं. अशी त्याची नऊ वाक्यं. नववं होतं 'तिला एकटं वाटू देऊ नको.' त्याचं भाषांतर मी केलं. मग शांतता. बाहेर कावळा ओरडला, बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. लार्सनचा आवाज आलाच नाही. आला तो माझा.

"शालन... दाराआडनं तू बोललीस ते मी ऐकलं. उलट बोललो न्हाई, कारन मला हसू आलं हुतं. मला ठावं हुतं, सांजच्यापतूर तूच रडत बसशील. ते मी मनावर घेटलं न्हाई. मी आता न्हाई, शालन. हितं कालव्याच्या काठाला आमी सातजन हाय, एकला न्हाई मी. वाट बघू नगंस. आता दाराला कडी लाव."

पुन्हा शांतता. मग लार्सनचं आमेन.

"हे लांबलचक काय सांगत होतास तू?" लार्सननं विचारलं. "मला वाटलं, तू तिला प्रार्थनेचा अर्थ समजावतोयस. म्हणून मी थांबलो."

मी त्याला टेप मागे घ्यायला लावला. चारदा ऐकला. आवाज माझाच, शंका नाही. पण मी साताऱ्यात मास्तरांच्या घरात वाढलेला, असं बोलतच नव्हतो. शिवाय मी अक्काला उभ्या जन्मात कधी नावानं हाक मारलेली नाही. आमच्यात थोरल्या बहिणीला नावानं हाक मारली तर आईनं मुस्काट फोडलं असतं.

मी लार्सनला सगळं सांगितलं, शुक्रवारी अंगणात काय झालं तेही. त्याला आत्ता कळलं. तो उभा राहिला. "मी तसं काही म्हटलं नाही," तो म्हणाला. "ते तिला सांगायला पाहिजे. तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःला विधवा मानलं आणि तो शब्द माझा नव्हताच."

"सांगून काय होणार? कुंकू परत लावेल ती?"

"ते तिनं ठरवायचं. खोटं तसंच ठेवून मी जाऊ शकत नाही."

आम्ही दवाखान्याच्या आवारात कडाकडा भांडलो. मला त्याचं म्हणणं कळत होतं, म्हणूनच मी जास्त ओरडत होतो. टेपवरचं बोलणं माझ्याच डोक्यातून आलं असेल तर मी माझ्या बहिणीला विधवा केलं होतं. दाजी कुठल्यातरी तुरुंगात जिवंत असतील आणि मी त्यांना माझ्या तोंडानं मारलं होतं. आणि डोक्यातून आलं नसेल तर मग कुठून आलं? दाराआडचं बोलणं मला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. एकाहत्तरला मी चौदा वर्षांचा, साताऱ्यात शाळेत होतो.

रविवारी सकाळी आम्ही कुंडलला निघालो, अक्काला खरं सांगायला. लार्सनचा त्या दिवशी उपास होता, पाणीसुद्धा नाही. रविवारी विकत घ्यायचं नाही हा नियम मोडून त्यानं स्वतःचं तिकीट स्वतः काढलं. एसटीत खिडकीशी बसून तो ओठांतल्या ओठांत काय बोलायचं त्याची तालीम करत होता आणि मी ते मराठीत कसं सांगायचं याची.

पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पुढचं दार बंद. मी कडी वाजवायला हात उचलला तोच ओट्यावरून तात्यांनी हात धरला.

"वाजवू नगं," ते कुजबुजले. "झोपलीया. काल सांजच्यानं झोपलीया ती अजून उठलेली न्हाई. मधी एकदा भाईर येऊन पानी पिऊन गेली, परत निजली. सात वर्सांत ह्या पोरीला मी गाढ झोपलेली बगितली न्हाई, गड्या. आतनं कडी लावून झोपलीया."

म्हातारा उपाशीच बसून राखण करत होता. मी लार्सनकडे बघितलं. भाषांतर करायची गरज पडली नाही. तो ओट्याच्या कडेला बसला. आम्ही तिघं तासभर तिथं बसलो, कुणी दार वाजवलं नाही. मग लार्सन उठला, तात्यांना नमस्कार केला आणि आम्ही परतीची एसटी धरली. सांगलीत उतरताना त्यानं खिशातली कॅसेट काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "हे माझं नाही." त्यानंतर आमची भेट झाली नाही.

पुढं मला सांगलीत नोकरी लागली. तात्या गेल्यावर अक्का आमच्याकडे विश्रामबागेत राहायला आली. माझी पोरं तिनंच वाढवली. दाजींचा काही पत्ता कधीच लागला नाही. मी कचेऱ्यांना पत्रं लिहिली, त्यांच्या तुकडीतल्या दोघातिघांना गाठलं. कुणाला काही ठाऊक नव्हतं. कालव्याचं म्हणाल तर त्या सीमेवर कालवे होते हे वर्तमानपत्रात आलेलंच होतं, ते मी धरत नाही. दाराआडचं बोलणं मात्र मला कशातच बसवता येत नाही. कॅसेट मी कित्येकदा ऐकली. पुढे तिला बुरशी लागली आणि ती वाजेनाशी झाली.

अक्काला मी खरं सांगितलं ते चाळीस वर्षांनी, तिच्या शेवटच्या दुखण्यात. दुपारची वेळ होती, ती जागी होती, शुद्धीत होती. मी म्हटलं, "अक्का, कुंडलला त्या दिवशी तो गोरा तसं काही बोलला नव्हता. टेपवर नाहीये. ते सगळं माझ्याच तोंडातून आलं. कसं आलं मला माहीत नाही. मला माफ कर."

तिनं पदर सारखा केला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"म्होरं भितीला आरसा हुता न्हवं. त्याच्यात मी त्या गोऱ्याच्या तोंडाकडं बघत हुते. त्याचं डोळं मिटल्यालं आन् ओठ बी मिटल्यालं. त्यो गप हुता. बोलत हुतास तू."

चाळीस वर्षं मी जे छातीवर घेऊन फिरत होतो ते हिला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. "मग मला विचारलं का नाहीस?" मी म्हटलं. "इतक्या वर्षांत एकदाही?"

"तुला इचारलं असतं तर तू मला पटवून दिलं असतंस," अक्का म्हणाली, "की ते तूच बोललास, मनचं. तू शिकलेला, तुला पटवून देता येतं. मंग मी परत कडी काढून बसले असते."

अक्का आता नाही. ते बोलणं कुणाचं होतं, ते माझ्या तोंडी कसं आलं, मला आजही सांगता येत नाही. पण तिचं म्हणणं खरं होतं. तिनं विचारलं असतं, तर मी तिला पटवूनच दिलं असतं.